कापसानं खाल्लेली खंजिरी

बैठकीत कापूस आला की आमच्या घरातली माणसं मोठ्यानं बोलू लागतात. भांडण नसतं. शब्दच पुढे सरकत नाही. खिडकी बुजवून, भिंतींना टेकून, पार पंख्याच्या पात्यांपर्यंत कापूस रचलेला असतो. आपण बोलतो ते त्यात शिरतं आणि तिथंच बसतं. लहान असताना मला वाटायचं, व्यापाऱ्याच्या गाडीत कापूस भरून जातो तेव्हा आमचं सगळं हिवाळ्याचं बोलणंही त्यासोबत जात असेल, आणि तिकडे कुठंतरी जिनिंगमध्ये कापसातून सरकीचं बी वेगळं काढताना आईच्या शिव्या खाली पडत असतील.

यंदाही आला. शनिवारी मलकापूरहून एसटीनं आले, दारात चप्पल काढली आणि नाकाला तो वास लागला. सरकीचा तेलकट, जरासा ओला, त्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या पानांचा चुरा. थोड्या वेळात पापण्यांवर तूस बसलं, मनगटावर लाल पुळ्या उठल्या. कापसात बारीक किडे असतात, ते नव्या माणसाला आधी चावतात. "तुह्यं रगत शहराचं झालं, म्हणून चावतेत," आई म्हणाली. मी मलकापूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आईच्या लेखी मलकापूर म्हणजे शहर, कारण तिथं रेल्वे थांबते.

बैठकीत बाबांची खाट मावेल एवढीच जागा मोकळी होती. खाटेच्या डोक्याशी कोनाडा, कोनाड्यात स्पीकर, आणि त्याच्या वर खुंटीला खंजिरी. ज्यांनी खंजिरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: ताटलीएवढं लाकडी कडं, एका बाजूनं ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत पितळेच्या चकत्या. बोटांनी कातडं वाजतं, मनगटानं चकत्या. आमच्याकडे पेटी नसली तरी भजन होतं. खंजिरी नसली तर माणसं उठून घरी जातात.

कापूस आणि खंजिरी अशी शेजारी दिसली की मला ती एक सुगी आठवते. घरात वायफाय आलं, ती.

त्या सुगीला थंडी लवकर पडली होती. सकाळी सातपुडा दिसायचा नाही, नुसती एक निळी रेघ असायची. बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायच्या, बोंडांवरच्या दवानं त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या व्हायच्या. दिवस वर आला की गाठोडी डोक्यावर घेऊन आमच्या ओट्याशी रांग लागायची. गाठोडं सुटलं की कापूस हळूच श्वास सोडल्यासारखा पसरायचा. लहानपणी आम्ही त्यात वरून उड्या मारायचो, आणि खाली बुडालो की वरची सगळी दुनिया बंद. आई हाका मारायची ते तिचं तोंड हललेलं दिसायचं फक्त. ती शांतता मला फार आवडायची. आता विचार केला तर वाटतं, बहिरेपणाची ती पहिली ओळख. पण तेव्हा त्यातून बाहेर यायला एक हात वर केला की पुरायचं.

माझे बाबा भजनी मंडळाचे प्रमुख होते. शेतीत बेताचे, बोलण्यात वाईट, भजनात पक्के. संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या पट्ट्यात कुठंही खंजिरीच्या स्पर्धा असल्या आणि बाबांचं मंडळ येणार असं कळलं, की बाकीची मंडळं आपला नंबर आधी लावून घ्यायची. त्यांच्यानंतर बसायची कुणाची हिंमत नसे. त्यांचा गळा साधाच होता. खासियत होती चकत्यांची. ओळ संपते, ध्रुपद परत यायचं असतं, त्या मधल्या मोकळ्या जागेत बाबा मनगट असं झटकायचे की चकत्या एकदाच वाजायच्या, बारीक, पितळी लोट्यात ज्वारीचे चार दाणे पडावेत तशा. पुढच्या कडव्याला लोक शब्द ऐकतच नसत, त्या आवाजाची वाट पाहत बसत.

आणि कान. दुसऱ्याचं चुकलेलं त्यांना लगेच कळायचं. सांगायचे मात्र लगेच नाही. चूक जपून ठेवायचे, गर्दी जमेपर्यंत.

"चूक एकट्याले सांगतली तं तो विसरते," ते म्हणायचे. "चारचौघात सांगाव. मंग मरेपर्यंत ध्यानात ठेवते."

महादूकाका आमच्या शेजारचे. वांग्या-मिरच्यांचा मळा करायचे आणि मंडळात दुसरी खंजिरी धरायचे. पुढे त्यांचे कान कमी झाले, ठेका मागे पडू लागला. बाबांनी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं नाही. मारुतीच्या पारावर सगळं गाव बसलेलं असताना भजन मधेच थांबवलं, त्यांच्या हातातली खंजिरी काढून घेतली आणि म्हणाले, "महादू, हे ताट नोहे. भूक लागली असन तं घरी जाय." गाव हसलं. महादूकाकांना ऐकूच आलं नव्हतं, म्हणून तेही हसले. तेव्हा बाबा उठले, त्यांच्या कानाशी गेले आणि तेच वाक्य मोठ्यानं, सावकाश, परत म्हणाले. महादूकाका पारावरून उतरले ते कित्येक वर्षं आमच्या दारात आले नाहीत.

माझी पाळी सातवीत आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांचं भजन होतं, माईकसमोर मी. दुसऱ्या कडव्याला बाबांनी माईकवर पंजा ठेवला. "बस कर. तुह्या गळ्यात काई नाई. अभ्यास कर." मी अभ्यास केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. लोक म्हणतात, बापानं शिकवलं. खरंच आहे. त्यांनी तो पंजा ठेवला नसता तर मी आज कुठल्यातरी महिला मंडळात टाळ कुटत असते. त्यांचे उपकार मी मानते. विसरले तर काहीच नाही.

तर ती सुगी. गजूनं वायफाय घेतलं. गजू माझा धाकटा भाऊ, शेती तोच पाहतो. त्याला मोबाईलवर कापसाचे भाव पाहायचे होते. राऊटर माडीवर त्याच्या खोलीत. मी म्हटलं, जोडणी घरात आलीच आहे तर बाबांच्या कॅसेटी कामी लावू. ट्रंकेत मंडळाच्या स्पर्धांच्या कॅसेटी होत्या. टेप बंद पडून वर्षं झाली होती, मंडळ मोडून त्याहून जास्त. खामगावच्या एका स्टुडिओवाल्याकडून मी त्या कॉम्प्युटरच्या फायलींत उतरवून घेतल्या. त्याला बजावलं, फायली मोठ्या झाल्या तरी चालतील, आवाजातलं काही काटायचं नाही. माझा जुना लॅपटॉप आतल्या खोलीत ठेवला, त्यात भजनं भरली, बैठकीच्या कोनाड्यात वायफायचा स्पीकर. मोबाईलवर बोट लावलं की लॅपटॉपमधलं भजन आधी माडीवर राऊटरकडे जाणार आणि तिथून खाली बैठकीत उतरणार.

"दोन पावलावरून यायले माडी चढून येते?" आई म्हणाली. "तुह्या मावशीसारखंच हाय हे."

पहिल्या दिवशी बाबा खाटेवर ताठ बसले. कापूस तोवर गुडघ्याएवढाच होता. त्यांचाच तरुण आवाज बैठकीत आला. मागे मंडळातल्या मेलेल्या माणसांचे खोकले आले, कुणीतरी चहा मागितला, एक कुत्रं भुंकून गेलं. आई चुलीपासून उठून दाराशी आली. ओळ संपत आली तसं बाबांनी एक बोट वर केलं, चकत्यांची जागा दाखवायला. बोट तसंच राहिलं.

"खंजिरी कुठी हाय?"

"वाजते ना, बाबा."

"थाप वाजते. चकत्या कोनं काढल्या?"

त्या दिवशी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मलाही चकत्या धड ऐकू येत नव्हत्या. वाळल्या पानांवरून खराटा ओढावा तसं काहीतरी खसखसत होतं. मी लॅपटॉप उघडून पाहिलं. स्पीकर हलका, त्याला मोठी फाईल समजतच नव्हती. शिवाय मातीच्या जाड भिंतींतून वायफाय अर्धमेलं होऊन यायचं. म्हणून लॅपटॉप कुणाला न विचारता वाटेतच मोठ्या फायलीची लहान फाईल करायचा आणि ती पाठवायचा. लहान करायची म्हणजे काहीतरी टाकावं लागतं. काय टाकायचं ते यंत्र बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं: माणसाच्या कानाला जे फारसं कळणार नाही ते. गळा ठेवतात, थाप ठेवतात, खोकलेही ठेवतात. वरचे, बारीक, टोकदार आवाज आधी जातात.

बाबांना मी ते कापसाच्या भाषेत समजावलं. "गाठ बांधली तं कापूस दबते, जागा कमी लागते. पन गाठ सोडली की तेवढाच्या तेवढा निघते. अन् जिनिंगमंधी घातला की सरकी पडते बाहेर. मंग तो कापूस कितीबी पसरा, सरकी काई वापस येत नाई. हे मशीन गाठ नाई बांधून राह्यलं, सरकी काढून राह्यलं."

बाबांनी ढिगातला चिमूटभर कापूस उचलून त्यातली सरकी चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे माही खंजिरी सरकी हाय."

"मशीनले तसं वाटते."

"सरकी ढोराले चारतेत. सांग तुह्या मशीनले."

मला त्यांचा राग कळत होता. पदवी झाल्यावर मी एकदा पुण्याला मुलाखतीला गेले होते. एका प्रश्नावर "मले येते" म्हणाले. समोरची बाई हसली; वाईट नाही, कौतुकानं, बकरीचं पिल्लू पाहून माणसं हसतात तसं. नोकरी मिळाली नाही, पण मी शिकून आले. तेव्हापासून वर्गात 'मला', घरात 'मले'. माझी मोठी फाईल माझ्याजवळ शाबूत आहे. समोरच्याला जेवढं समजतं तेवढंच मी पाठवते. त्यात मला लाज नाही आणि दुःखही नाही.

पुढच्या खेपेला मी दुसरा स्पीकर आणला, मोठी फाईल जशीच्या तशी घेणारा. वायफायचा भरवसा नको म्हणून वायर ओढायला लावली. गजूनं ती जिन्याच्या कठड्यावरून, देवघराच्या चौकटीला खिळे मारत बैठकीपर्यंत आणली. देवघराला खिळे मारले म्हणून आई दिवसभर बोलत होती. लॅपटॉपमधलं ते रूपांतर मी बंद करून टाकलं. भजन लावलं आणि स्वतःच दचकले. लोट्यात ज्वारीचे दाणे पडले. स्वच्छ. एवढ्या वर्षांनी.

बाबांचं बोट वरच.

"नाई," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. तोवर कापूस खिडकीच्या वर गेला होता. बाबांनी त्या ढिगाकडे हात केला. "हे पाह्य न. कापसानं खाल्ली."

आमच्या गावात कुणालाही हेच सुचलं असतं. बाबा मंडळाची तालीम कापसाच्या खोलीत कधी घेऊ देत नसत. कापूस थाप ठेवतो आणि चकत्या खातो, असं ते शिकवायचे, आणि ते खोटंही नाही. कापसात बारीक आवाज मऊ पडतो. पण मरत नाही. मला येत होता. आईला येत होता. गाठोडी टाकायला आलेल्या बायका दारात थबकून "काय खंजिरी वं!" म्हणून जात होत्या.

मग माझं लक्ष आईच्या बांगड्यांकडे गेलं. आई हातभर काचेच्या बांगड्या घालते. चहा घेऊन मागून यायची ती चुलीपासून खाटेपर्यंत किणकिणत यायची, आणि कप समोर ठेवला की बाबा दचकायचे.

"चोरावानी येते! आवाज करत जाय ना!"

"आता काय ढोल बांधू गळ्यात? दारापासून वाजत येऊन राह्यली मी."

बिघाड शोधायची एक रीत असते, ती मी मुलांना वर्गात शिकवते. एकेक जोड तपासत पुढे जायचं. फाईल बरोबर. लॅपटॉप बरोबर. वायर बरोबर. स्पीकर बरोबर. त्यानंतर एकच जोड उरत होता, आणि लहान फाईल तिथं होत होती. बाबांच्या कानात. गळा ठेवला होता, थाप ठेवली होती, चकत्या तेवढ्या टाकून दिल्या होत्या. आणि टाकलेलं परत येत नाही, हे मीच त्यांना सांगून बसले होते.

बाबांनी मात्र कापसाचा पिच्छाच धरला. "इकून टाक," ते गजूला म्हणू लागले. "घर मोकळं कर. मले माही खंजिरी आयकाची हाय."

"बाबा, भाव चढून राह्यला. थोडं थांबा."

"तुह्या भावाच्या आंगावर टाक तो कापूस! मी मेल्यावर आयकू काय?"

एकदा शेतात, पऱ्हाटीच्या ओळीत, गजू माझ्याजवळ आला. "ताई, तुले समजलं ना?"

"काय?"

"म्हाताऱ्याचे कान. तू सांग ना त्याईले. एकटीनं, निवांत. तुह्यं आयकतेत ते. कापूस आत्ता गेला तं नुसकान हाय आपलं."

"तू सांग."

"मले जोड्यानं मारतीन."

"मंग जाऊ दे कापूस," मी म्हटलं. "खोली मोकळी झाली की दिसनच काय ते."

गजूला वाटलं, मला अजून खात्री नाही. मला खात्री होती.

कापूस गेला त्या दिवशी गल्लीत लग्नासारखी गर्दी झाली. व्यापाऱ्याची गाडी दारात, हमाल गाडीवर चढून कापूस पायांनी दाबतायत, हवेत तूस उडतंय, कुणाच्या केसांत, कुणाच्या मिशीत. बैठक हळूहळू उघडी पडत गेली. आधी खिडकी दिसली, मग हिरवा रंग उडालेली भिंत, मग फरशी. दुपारपर्यंत खोली रिकामी आणि पितळी भांड्यासारखी. आई खाकरली तरी घुमत होतं. बाबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली.

"महादूले बोलाव," त्यांनी गजूला फर्मावलं. "त्यालेबी समजू दे खंजिरी कशाले म्हणतेत. अन् पुढं बसव त्याले. बहिऱ्याले मांगून काय आयकू येईन?"

इतक्या वर्षांनी बोलावणं आलं आणि महादूकाका आले. मधल्या काळात त्यांना कुठल्याशा शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं. बाबांना ते ठाऊक नव्हतं. महादूकाका सांगितल्याप्रमाणे पुढं बसले. हमाल चहाच्या बशा घेऊन भिंतीला टेकले, दारात शेजारपाजारच्या बायका. मी भजन लावलं.

ओळ संपली. बाबांचं बोट वर गेलं. चकत्या वाजल्या.

एका हमालाची बशी तोंडाशी थांबली. "वा रे पठ्ठे!" तो म्हणाला. महादूकाकांनी डोळे मिटले होते. बाबांचं बोट हवेतच होतं. त्यांनी मान वळवून खोलीकडे पाहिलं, एकेका कोपऱ्याकडे, कुठं कापूस राहिलाय का म्हणून.

"पोरी," ते म्हणाले, "अजूनबी नाई वाजून राह्यली."

गजू फरशीकडे पाहू लागला. मी भजन थांबवलं नाही.

"वाजून राह्यली, बाबा. नवा स्पीकर आणला तवापासून वाजून राह्यली. सगळ्याईले आयकू येते. तुमाले येत नाई. तुमचे कान गेले."

मी मोठ्यानं बोलले. रिकाम्या खोलीत ते दोनदा ऐकू आलं.

"तुले कवापासून ठाऊक?"

"लय दिवसापासून."

"मंग आज सांगतं? एवढ्या लोकाईत?"

"एकट्याले सांगतलं तं तुमी विसरले असते."

महादूकाकांनी डोळे उघडले, कानातलं मशीन काढलं आणि तळहातावर ठेवून बाबांपुढे धरलं. "घे विश्वनाथ, लावून पाह्य. पन जपून धरजो. हे ताट नोहे."

हमालांना काही माहीत नव्हतं, पण वाक्यच असं होतं की ते हसले. बाबांना सगळं ऐकू आलं. पुरुषांचे आवाज त्यांना नीट येतात.

आई तेवढ्यात दारातून पुढे झाली. "म्हणजे जलमभर मी याईले जे बोलली, ते याईले आयकूच नाई आलं?"

"ते येत होतं," बाबा म्हणाले.

"मंग जवाब काऊन नाई देला कधी?"

बाबा उठले. खुंटीवरची खंजिरी काढली. कातडं उंदरांनी कुरतडलेलं होतं, चकत्या शाबूत होत्या. त्यांनी ती कानाशी धरली आणि मनगट झटकलं. तेच मनगट. त्यात काहीही कमी झालं नव्हतं. लोट्यात दाणे पडले. परत झटकलं. दुसऱ्या कानाशी नेली. परत. शेवटच्या वेचणीनंतर राहिलेलं एखादं बोंड आपण कानाशी हलवून पाहतो, आत काही आहे का म्हणून, तसं त्यांचं चाललं होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते आतलं लख्ख ऐकू येत होतं. भजन तोवर संपलं होतं. खोलीत फक्त त्यांचीच खंजिरी वाजत होती.

त्यांनी ती परत खुंटीला अडकवली. "उंदरानं खाल्ली," ते म्हणाले, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

माणसं पांगली. पुढे कापसाचा भाव चढला, आणि ज्यांनी ठेवला होता त्यांचं साधलं. गजू त्या हिवाळ्यात माझ्याशी धड बोलला नाही. "एक वाक्य बोलाचं होतं तुले," एवढंच म्हणाला. मी बोलले होतेच. वेळ तेवढी माझी होती. बाबांना मी शिबिराला चला म्हटलं, कान तपासू म्हटलं. "मशीन लावून महादू आयकते," ते म्हणाले. "मी नाई." मी परत विचारलं नाही.

तेव्हापासून महादूकाका रोज संध्याकाळी येतात. दारातूनच म्हणतात, "लाव वं, बाबाचं भजन." मी नसले तर गजू लावतो. खाटेच्या पायथ्याशी बसतात, मशीनला बोट लावून आवाज वाढवतात आणि बाबांना सांगत राहतात. "पाह्य विश्वनाथ, आता येते. येते. आली!" आणि एक बोट वर करतात. बाबा स्पीकरकडे पाहतच नाहीत. त्या बोटाकडे पाहतात, आणि बोट उठलं की मान हलवतात. गावातले लोक म्हणतात, पाहा, दोघं म्हातारपणी एक झाले. गाव दारातून पाहून जातं, आत येऊन बसत नाही.

परवा शनिवारी मी बसले. बाहेर थंडी, आत कापूस पार पंख्यापर्यंत, स्पीकरचा हिरवा ठिपका. बाबांचं आवडतं भजन चाललं होतं. तिसऱ्या कडव्यात, ओळ अजून अर्धी असताना, शब्दाच्या ऐन मधोमध, महादूकाकांनी बोट वर केलं.

"आली, विश्वनाथ!"

तिथं चकत्या नव्हत्या. मला आधी वाटलं, कापसानं खाल्ल्या असतील. पण चकत्या नंतर वाजल्या, त्यांच्या जागेवर, ओळ संपल्यावर. तेव्हा महादूकाकांचं बोट मांडीवर होतं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मिशीत हसत होते.

"हाव," बाबा मान हलवत म्हणाले. "तिथीच येते ते. ते जागा मी कधी सोडली नाई."

चूक माझ्या ध्यानात आली. पण बैठकीत आम्ही तिघंच होतो, आणि कापूस जायला, दारात गर्दी जमायला, अजून अवकाश आहे. मी पुढचं भजन लावलं.